सगुण मेस्त आणि नऊ नंबरची खाट

सगुण मेस्त स्लॅब फोडण्याआधी स्लॅबला सांगतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. जवळजवळ महिनाभर रोज सकाळी मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे आणि रोज सकाळी माझं डोकं तापलं आहे.

साडेआठला सिस्टरांची पहिली फेरी संपली की मेस्त पुरुष वॉर्डाच्या मधोमध येऊन उभा राहायचा. डोक्यावर पिवळं हेल्मेट, खाली खाकी अर्धी चड्डी, डावा हात तुळईला टेकू दिलेल्या लोखंडी जॅकवर, उजव्या हातात हातोडी. मागं त्याचे तीन कामगार. दोन्ही बाजूंना खाटा, खाटांवर सलाईनवाले, प्लास्टरवाले, दमेकरी. मेस्त डोळे मिटायचा आणि सुरू करायचा.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” मागचे तिघे.

“आज बुधवार. खिडकेकडची तुळय आज उगडी करतंव.”

“व्हय म्हाराजा.”

“चार, पाच आनि सात नंबर पलीकडे जातले. धा ते बारा नळाक पाणी नाय. आवाज जातलो, धूळ उडतली. लेकरांक सांबाळ, तुळयेक सांबाळ, आनि चुकला-माकला पदरात घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मग तो शिडीवर चढून तुळईवर हातोडीच्या तीन टिचक्या मारायचा, कान देऊन ऐकायचा आणि मान हलवायचा. तुळईनं होकार दिलेला असायचा.

आमच्या भागात गाऱ्हाणं काय असतं हे कुणाला सांगावं लागत नाही. जत्रेला, नांगरटीला, नव्या गाडीला, गावचा जाणता माणूस देवाला उभ्या उभ्या सगळी हकिगत सांगतो आणि बाकीचे होकार भरतात. देवळात चालतं ते चालो. पण हे इस्पितळ होतं. भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलेलं होतं आणि त्या पाटीच्या खालीच हा माणूस उभा राहायचा.

इस्पितळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डिचोली आणि पेडणे यांच्या मधे कुठंतरी एका जुन्या ट्रस्टचं ते आहे एवढं पुरे. पुरुषांचा एक वॉर्ड, बायकांचा एक. पुरुष वॉर्डाच्या स्लॅबातल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या आणि एके दुपारी तीन नंबरच्या खाटेवर परातीएवढा तुकडा येऊन पडला. खाट रिकामी होती म्हणून ती बातमी झाली नाही. वॉर्ड बंद करता येईना, कारण पेशंटना ठेवायला दुसरी जागाच नव्हती. तेव्हा अर्धा वॉर्ड जाड प्लास्टिकच्या पडद्याआड घ्यायचा, तुळया-खांब सोलायचे, नव्या सळ्या घालायच्या, परत भरायचे, आणि मग त्या अर्ध्यातले पेशंट इकडे, इकडचे तिकडे, असा बेत ठरला. फोडणारे आणि खोकणारे एकाच छपराखाली.

माझे बाबा नऊ नंबरला होते. नार्व्याला आमच्या घराच्या मागच्या पायरीवरून घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं आणि ऑपरेशन झेपणार नाही म्हणून सांगितलं. पायाला वजन लावून दीड-दोन महिने निजवून ठेवा, आणि हृदयाला धक्का बसू देऊ नका. धक्का बसू देऊ नका म्हणे. वर हातोडी, बाजूला हातोडी, आणि सकाळी साडेआठला गाऱ्हाणं.

बाबा डिचोलीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खाणी, भाषा, बसची भाडी, ज्या ज्या गोष्टीवर लोक चिडले तिची पत्रकं त्यांच्या हातून गेली. आमच्या घरात मी बाराखडी शिकलो ती ‘जाहीर निषेध’ या शब्दांवर. देवापुढं हात जोडलेले बाबा मी कधी पाहिले नाहीत. त्यामुळं चौथ्या दिवशी सकाळी नऊ नंबरच्या खाटेवरून खणखणीत “व्हय म्हाराजा” ऐकू आलं तेव्हा माझ्या हातातला पेजेचा डबा कलंडला.

“बाबा, तुम्ही?”

“अरे, छाती मोकळी होते.”

“तुम्ही चाळीस वर्षं अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापली.”

“छापली ना. मग आता थोडं ओरडू दे.”

एव्हाना सगळा वॉर्डच होकार भरू लागला होता. हरमळचा धाकूकाका, चौदा नंबर, जाळी विणून विणून बोटं वाकडी झालेला म्हातारा, तो तर ऑक्सिजनची नळी बाजूला करून ओरडायचा. सिस्टर लुईझा दर वेळी नळी परत लावायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, “तूं कितें पळयता? तुझो बापूय सगळ्यांपरस व्हड आवाज काडटा.”

मेस्ताशी माझं पहिलं भांडण टॉवेलावरून झालं. बाबांचा ओला टॉवेल मी समोरच्या जॅकवर वाळत घातला. मेस्त शिडीवरून खाली उतरला, टॉवेल दोन बोटांत धरला आणि माझ्यापुढं धरला.

“ह्यो कोणाचो?”

“आमचा.”

“तो जॅक बग. आख्खी तुळय आंगार घेवन उबो आसा बिचारो. आनि तू तेका तुज्या बापाशीचो टुवालो घालतस?”

“टॉवेलाचं वजन ते किती?”

“वजनाचा नाय रे पुता. अपमानाचा आसा.”

टॉवेल मी बाबांच्या खाटेच्या दांडीवर वाळत घातला.

दुसरं भांडण पत्र्यांवरून. वॉर्डात खाटांचे नंबर भिंतीवर रंगवलेले होते, जगात सगळीकडे असतात तसे. मेस्तानं पहिल्याच दिवशी रंगाच्या डब्यांची झाकणं कापून त्यांवर लाल ऑइलपेंटनं आकडे काढले आणि बांधणीच्या तारेनं प्रत्येक खाटेच्या पायथ्याला एकेक बांधून टाकलं. खाट हलली की नंबर तिच्याबरोबर हलायचा. त्यामुळं सात नंबर दोन आणि तीनच्या मधे, अकरा नंबर दाराशी, आणि भिंतीवरच्या पाचखाली तेरा. सिस्टर लुईझा इंजेक्शनचा ट्रे घेऊन नऊ नंबर शोधत फिरायची. नवा डॉक्टर एकदा प्लास्टर कापायला भलत्याच खाटेशी पोचला.

“मेस्त, भिंतीवरच्या नंबरांना काय झालंय?” मी विचारलं.

“भिंत कोणाची नाय,” तो म्हणाला. “नंबर माणसाचो.”

“पण गोंधळ होतो त्याचं काय?”

“मी सकाळी सांगतंय मा सगळ्यांक, कोण खंय जातलो ता? आदी सांगूचा, मगे फोडूचा.”

हे त्याचं पेटंट वाक्य. आदी सांगूचा, मगे फोडूचा. खांबाला सांगायचा, नळाला सांगायचा, पेशंटला सांगायचा. चहात उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, बुडवायच्या आधीही तो त्याच्याशी काहीतरी पुटपुटतो असा माझा दाट संशय होता. चहा पिताना, जेवताना, अंगणातल्या नळावर तोंड धुतानासुद्धा त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट उतरायचं नाही. कामगार म्हणायचे, मेस्त निजतो पण हेल्मेट घालूनच.

आणि कामाचा वेग? धूळ खोकणाऱ्यांकडे जाते म्हणून वारा बघून फोडायचं. ड्रेसिंग चाललंय, थांबा. धाकूकाकाचा डोळा लागलाय, थांबा. एकदा अर्धा तास तिघे कामगार छिन्नी हातात धरून पुतळ्यासारखे उभे होते, कारण सहा नंबरचा मुलीशी फोनवर बोलत होता. कंत्राटदार येऊन ओरडून गेला. मेस्तानं त्याला जॅकला टेकू नको म्हणून सांगितलं.

तेव्हा मी जे माझ्या घरात केलं जातं ते केलं. पत्रक काढलं.

मथळा होता ‘इस्पितळ की देवचाराचं ठाणं?’ (देवचार म्हणजे आमच्याकडे गावाची राखण करणारं भूत.) खाली मागण्या. एक, वॉर्डातलं गाऱ्हाणं तात्काळ बंद करावं. दोन, खाटांचे नंबर शास्त्रीय पद्धतीनं भिंतीवरचेच धरावेत. तीन, पेशंट हलवायचे ते कार्यालयाच्या लेखी आदेशानं, कुणा गवंड्याच्या लहरीनं नव्हे. शंभर प्रती काढल्या. फाटकाशी वाटल्या, बसस्टॉपवर वाटल्या, एक इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि एक, लपवाछपवी नको म्हणून, मेस्ताच्या हातात दिली.

त्यानं ती लांब धरून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचली.

“बरा आसा,” तो म्हणाला. “भाषा बरी आसा. ‘लहरीनं’ माका आवाडला.”

चिडायला जागाच ठेवत नाही हा माणूस.

बाबांनी पडल्या पडल्या ते वाचून दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि कुशीवर वळता येत नाही म्हणून नुसती मान फिरवली.

आणि मोठ्या डॉक्टरांनी तीनही मागण्या मान्य केल्या. मी आजवर किती पत्रकं लिहिली त्याचा हिशेब नाही, पण मंजूर झालेलं हे पहिलंच. सोमवारपासून गाऱ्हाणं बंद, पत्रे काढायचे, हलवाहलवीची यादी कार्यालयाच्या फळ्यावर. मी रविवारी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अभिनंदन.” आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा वापरतात.

सोमवारी मला यायला उशीर झाला. स्कूटर वाटेत बंद पडली. अकराच्या सुमारास पेजेचा डबा घेऊन मी वॉर्डात शिरलो तर भिंतीवरच्या नऊ नंबरखाली खाट होती आणि खाटेवर माणूस नव्हता. गादी मधोमध दुमडून ठेवलेली. पायाच्या वजनाची दोरी नाही, चौकट नाही, चष्मा नाही. खाटेच्या पायथ्याशी तारेचा एक तुकडा तेवढा राहिला होता.

कुठंतरी ड्रिल चाललं होतं. सिस्टर लुईझा कुठं दिसेना. दहा नंबरला एक नवा माणूस होता, आदल्या संध्याकाळी भरती झालेला. मी त्याला विचारलं, इथले कुठं गेले?

“तो म्हातारो? सकाळी व्हेलो तेका. चौगांनी उखलून.”

“कुठं?”

“कोण जाणा. तोंडार चादर घाल्ली आशिल्ली.”

त्यापुढं मी काही विचारलं नाही. इतकी पत्रकं लिहिली, इतक्या साहेबांना तोंडावर प्रश्न विचारले, पण त्या माणसाला दुसरा प्रश्न विचारायला मला जीभ नव्हती. मी बाहेर आलो, व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. डबा मांडीवर गरम लागत होता. मी नार्व्याला काकांना फोन लावला. काकांनी उचलला. “हां, बोल,” म्हणाले.

मी म्हटलं, “काका, बाबा...”

आणि कुणीतरी फोन माझ्या हातातून काढून घेतला. हात सिमेंटनं पांढरे झालेले.

“बाबा बरे आसत,” सगुण मेस्त फोनात म्हणाला. “भूक लागली आसा तेंका. पोराक येवक उशीर झालो. ठेव.”

त्यानं फोन बंद करून माझ्या खिशात टाकला, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि पडद्याच्या पलीकडे नेलं. तिथं, नव्या भरलेल्या तुळईखाली, भिंतीवरच्या सोळाखाली, बाबा पाय टांगून पडले होते. केसांवर धूळ, कपाळावर धूळ. धुळीपासून वाचावेत म्हणून त्यांना ओली चादर तोंडावर टाकून आणलं होतं. खाट हलवायची तर वजनाची चौकट पडद्याच्या दारात अडकत होती, म्हणून माणूस उचलून दुसऱ्या खाटेवर घातला होता. फळ्यावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. लेखी, माझ्या मागणीप्रमाणं. फळा कार्यालयात होता आणि कार्यालय पहिल्या मजल्यावर.

“उशीर किती रे?” बाबा म्हणाले. मग माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, “काय झालं?”

“स्कूटर,” मी म्हटलं.

मी त्यांना पेज भरवली. ते रोज स्वतःच्या हातानं खायचे. त्या दिवशी मी भरवली आणि त्यांनी काही न विचारता खाल्ली.

दुपारी मेस्त व्हरांड्यात जेवायला बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. त्यानं मला उंड्याचा अर्धा तुकडा दिला.

“तू फोन लावलेलस,” तो म्हणाला. “मी फोन लावूक नाय. तेवा फोन खंय होतो.”

“कुणाला?”

“माजी आवस. पलीकडे, सिंधुदुर्गात. म्हायनाभर इस्पितळात होती, सात नंबराक. मी मुंबयक कामार. सांजेक उतारलंय, सरळ इस्पितळात गेलंय. चुन्याचा काम चललला थंय. सात नंबराची खाट रिकामी, गादी दुमडलली. झाला, गेली आवस.”

“आईला कुठं नेलं, विचारलं नाही कुणाला?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.

“गावात गेलंय. चार माणसां जमली. बांबू तोडले. न्हावी बाजाराक जावक भायर सरललो. तो म्हणालो, आताच करून घे बाबा, मगे मी मेळचंय नाय. बसलंय. मुंडन केला. टेंपो केलो आनि सकाळी आवशीक हाडूक गेलंव.” त्यानं तांब्यातलं पाणी प्यायलं. “ती पलीकडच्या रांगेक बसान पेज जेवत होती.”

मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

“माज्या डोक्याकडे बगल्यान. चमचो तसोच हातात. ‘कोण गेला रे?’ म्हणान इचारल्यान. मी म्हटलंय, कोण नाय गे, केसांत उवो झाल्ल्यो. माज्या पाठी चार माणसां उबी, तेंच्या खांद्यार पंचे. तिका कळाचा नाय?”

“मग?”

“मगे काय. घराक हाडलंय. पण मी खंयसूनय इलंय की आदी माज्या डोक्याकडे बगी. केस वाडले काय नाय ता. आनि थोड्याच दिवसांनी खरीच गेली. तेवा केस बोटभरय नाय होते. न्हाव्यान नुसतो वस्तरो फिरवलो, नावाक.”

त्यानं हेल्मेट काढलं, पहिल्यांदाच. आत पांढऱ्या केसांचा एवढा मोठा अंबाडा होता, सुतळीनं बांधलेला. त्यानं घाम पुसला आणि हेल्मेट परत चढवलं.

“न्हाव्याकडे माका जावक जमणा नाय,” तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. गाऱ्हाण्याविषयीचं माझं मत बदललेलं नाही आणि इथं मी ते परत लिहून ठेवतो. पण मागणी क्रमांक दोन चुकीची होती असं मी त्यांना सांगितलं. पत्रे परत बांधायला हवेत. आणि फळा वर नको, वॉर्डात हवा. डॉक्टरांनी विचारलं, हे सगळं कोण लिहिणार? मी म्हटलं, मी लिहीन. बाबा आहेत तोवर मला रोज यायचंच आहे.

बुधवारी सकाळी मी वॉर्डाच्या दाराला कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत, स्वच्छ मराठीत, एकही विशेषण न घालता. मेस्त तो वाचून म्हणाला, “बरा आसा. पण हंय वाचतलो कोण? धाकूक दिसना नाय. पाच नंबराक अक्षर येना नाय. तुज्या बापाशीचो चष्मो सिस्टरीकडे.”

“मग काय करू?”

“वाच मोठ्यान.”

वॉर्ड माझ्याकडे बघत होता. मी कागद काढला, पडदा बाजूला सारला आणि खाटांच्या मधे उभा राहिलो. जॅकला हात लागू दिला नाही.

“आज बुधवार,” मी वाचलं. “दाराकडच्या खांबाचं काम सुरू होईल.”

“व्हय म्हाराजा,” वॉर्ड म्हणाला.

मी थांबलो. हे प्रार्थनेचं नाही, सूचनेचं वाचन आहे, असं सांगायला तोंड उघडलं. बाबा सोळाखालून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या खाटेच्या पायथ्याला लाल नऊ लटकत होता. मी तोंड मिटलं आणि पुढं वाचलं.

“आठ आणि बारा नंबर पलीकडे जातील.”

“व्हय म्हाराजा.”

“दहा ते साडेअकरा पाणी बंद राहील.”

“व्हय म्हाराजा.”

मेस्त दाराशी भिंतीला टेकून उभा होता. तो होकार भरत नव्हता, ऐकत होता. तुळईला टिचकी मारून ऐकतो तसा. एकाएकी त्यानं हात वर केला. होकारांत धाकूकाकाचा आवाज नव्हता. मी थांबलो. तो वहाणा काढून, आवाज न करता, दोन खाटा ओलांडून चौदा नंबरपाशी गेला, धाकूकाकाच्या तोंडावर वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. सिस्टर लुईझाच्या हातात ट्रे तसाच.

मग मेस्त सरळ झाला.

“निजलो आसा,” तो हळू म्हणाला. “वाच तू. पण जरा बारीक आवाजान.”